मोरचूद, चुना आणि नोव्हेंबर

लग्न होऊन निफाडला आले तेव्हा बोर्डो नावाचं एक शहर आहे, हे ठाऊक असलेली त्या घरात मी एकटीच होते. बाकी सगळ्यांसाठी बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, द्राक्षबागेत बुरशीवर फवारायचं औषध. पिंपात काठीने ढवळलेलं निळं पाणी, मिश्रण जमलं की नाही हे बघायला त्यात बुडवलेला विळा, आणि सासऱ्यांच्या बंडीवरचे कधीही न निघणारे डाग. विळ्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना घाला. 'बोर्डो मारला का?' हे आमच्याकडे 'जेवलात का?' या चालीवर विचारलं जायचं.

नवरा शेतीत कधी पडला नाही. तो बँकेत लागला, बाग धाकट्या दिराने सांभाळली. पण २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त झाल्यावर 'कुठे जायचं?' असं मी विचारलं, तर हा म्हणाला, "बोर्डो." मला वाटलं, थट्टा करतोय. मग कळलं की याला सगळी गोष्ट पाठ आहे. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून डावणी हा वेलींचा बुरशीरोग फ्रान्समध्ये पोचला आणि द्राक्षबागा झोपल्या. बोर्डोजवळच्या मेडॉकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुन्याचा निळा लेप देत, कारण काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत. १८८२ मध्ये मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकीच्या बागेची पानं गळालीत आणि या चोरांसाठी रंगवलेल्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्यांनी मिश्रणाचं प्रमाण छापून प्रसिद्ध केलं. नवरा हे सांगताना मियार्दे जणू आपले चुलत आजोबा असल्यासारखा बोलतो.

नोव्हेंबर ठरला तो पैशामुळे. भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, ४ तारखेचं विमान स्वस्त होतं आणि फ्रान्समधल्या शाळांची दिवाळीच म्हणा ना, तुसँची सुट्टी ४ नोव्हेंबरलाच संपत होती. खेड्यातलं भाड्याचं घर, ज्याला तिकडे 'जीत' म्हणतात, ते ऑगस्टच्या निम्म्याहून कमी दरात मिळालं. दीर मात्र नाराज. "दादा, बाग सात-आठ पानांवर आहे, आभाळ आलं की डावणी आलीच, आणि तुम्ही चालला फिरायला?" तीस वर्षं बाग त्यानेच बघितली होती, तरी.

गाडी कोण चालवणार हा प्रश्न आपोआप सुटला. नवऱ्याच्या लायसन्सची मुदत कधीच संपली होती आणि नूतनीकरणाचा कागद कुठल्यातरी फायलीत होता. मग आंतरराष्ट्रीय परवाना माझ्याच नावाने काढला. फॉर्म ४ए, पासपोर्ट, व्हिसाची प्रत, तिकीट, वैद्यकीय दाखला आणि १,००० रुपये. हा परवाना एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्स सोबत लागतंच. व्हिसा हातात आल्याशिवाय यातलं काही पुढे सरकत नाही, म्हणून व्हिसाला वेळेत बसा. ९० युरो फी, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा, आणि रोज कुठे झोपणार याचा पुरावा. शिक्षिकेची नोकरी केलेल्या बाईला फायली लावण्याची भीती नसते, त्यामुळे तेवढं निभावलं.

खरी मेख निघाली ती गाडीच्या काउंटरवर. पॅरिसहून वेगवान रेल्वेने दोन तासांत बोर्डोला उतरलो आणि स्टेशनलगतच्या भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात गेलो. अनामत रक्कम अडकवायला क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं. डेबिट चालत नाही, नवऱ्याचं तर नाहीच. त्याच्या कार्डावरचं माझ्या नावाचं जोडकार्ड पर्समध्ये होतं, ते मी पाच वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं आणि पिन आठवत नव्हता. मुलीला फोन केला, तिने जुन्या मेसेजमधून शोधून दिला. तिथे मागे रांगेत उभ्या माणसाने पेपर काढून वाचायला घेतला. पुढचं एक सांगते, गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांच्या रिमसकट व्हिडिओ काढा. आम्ही काढला होता. परत देताना एका ओरखड्यावरून प्रश्न आला, तो त्या व्हिडिओने तिथेच मिटला.

ऑटोमॅटिक गाडी महाग होती म्हणून साधी गिअरवाली घेतली. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. याची भीती होती, पण ती अर्ध्या तासात गेली. जी गेली नाही ती वायपरची. आमच्या नाशिकच्या गाडीत इंडिकेटरची दांडी उजवीकडे, इथे डावीकडे. त्यामुळे प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरायचे. नवरा दरवेळी "पाऊस आला वाटतं" म्हणायचा. मी घरात चारचौघांत त्याला 'अहो' म्हणते. गाडीत पहिल्या दिवशीच ते 'अरे' झालं, आणि लिबूर्नच्या चौकानंतर त्याहून खाली गेलं.

चौकांबद्दल थोडं सांगायला हवं. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, तुम्ही थांबायचं. पण गावात, जिथे काही पाटी नाही तिथे, उजवीकडून येणाऱ्या गल्लीचा हक्क पहिला. मग ती गल्ली ट्रॅक्टर जेमतेम मावेल एवढी असली तरी. पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, बिनधास्त जा. आणि गावाच्या नावाची लाल कडेची पाटी म्हणजेच ताशी ५० ची मर्यादा. वेगाचा आकडा वेगळा लिहीतच नाहीत. नावावर तिरपी रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं, ५० पण संपले. मला हे फार आवडलं. एवढ्या कमी शब्दांत नियम सांगणं मला वर्गात कधी जमलं नाही.

बोर्डोतून पूर्वेला बेर्जराकच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पानं पिवळी-तांबडी, गळायला आलेली. आमच्याकडे याच आठवड्यात ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी फूट असते, इथे वेल झोपायला निघालेली. मधेच एक रान दिसलं. वेली मुळासकट उपटून ढीग लावलेले, तारा गुंडाळलेल्या, खांब एका बाजूला. थोडं पुढे अजून एक. नवरा म्हणाला, थांबव. बोर्डोची वाइन पूर्वीसारखी खपत नाही, म्हणून तिथे बागा काढायला हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना २०२३ मध्ये आली होती. हे त्याने निघायच्या आधी वाचलेलं होतं, पण ढीग बघणं वेगळं. रस्त्याकडेला उभा राहून त्याने एक खोड हातात घेतलं, वजन केल्यासारखं वर-खाली केलं आणि परत ठेवलं. २०१० साली लिहोसीन या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा आमच्या शेजारच्या मळ्यात कुऱ्हाड चालली होती. गाडीत बसल्यावर कास्तियों-ला-बाताय येईपर्यंत आम्ही बोललो नाही. शंभर वर्षांच्या युद्धाची शेवटची मोठी लढाई इथे १४५३ मध्ये झाली, हे त्याने नंतर वाचून दाखवलं.

बेर्जराकच्या दक्षिणेला टेकडीवर मोंबाझियाक आहे. तिथे एका लहान बागायतदाराकडे आधी ईमेल करून वेळ घेतली होती. बाईंनी स्वतःच दार उघडलं, हात चिकट होते. म्हणाल्या, शेवटची तोडणी चालू आहे, बागेतच या. उन्हाळ्यात तीसजणांचा गट, दहा मिनिटांची चव आणि बिल, असं असतं म्हणे. आम्हाला दोन तास मिळाले.

बागेत गेलो आणि नवरा जागीच थांबला. घड सडलेले होते. मणी सुरकुतलेले, जांभळट-तपकिरी, वर राखाडी बुरशी. आपल्याकडे असा एक घड दिसला तर दीर रात्रभर झोपत नाही. इथे बाई तो घड कात्रीने कापून, वास घेऊन, हसून दाखवत होत्या. ही बोट्रायटिस नावाची बुरशी. तिकडे तिला 'थोर कूज' म्हणतात. शरदात सकाळी दोर्दोन्य नदीवरून धुकं वर येतं, त्यात बुरशी वाढते, सालीला बारीक भोकं पाडते. दुपारी ऊन पडलं की त्या भोकांतून पाणी उडून जातं आणि मण्यात साखर, आंबटपणा, सुगंध एवढंच गच्च होऊन राहतं. त्याची गोड, सोनेरी वाइन होते. पण दुपारचं ऊन नाही पडलं तर? बाईंनी खांदे उडवले. तीच बुरशी, तीच बाग, मग ती नुसती कूज. सगळं गेलं. म्हणून तोडणी हातानेच करायची असा नियम आहे, आणि एकाच ओळीतून तीन-तीन, चार-चार वेळा फिरून तयार झालेले तेवढेच मणी घ्यायचे.

माझ्या फोनमधलं भाषांतर चाचपडत होतं, पण नवरा आणि बाई त्याची वाट बघत नव्हते. त्याने बोट दाखवून 'बोर्डो?' म्हटलं. बाईंनी 'बुयी बोर्दलेज' म्हटलं, म्हणजे बोर्डोची पेज, आणि हाताने फवारणीचा अभिनय केला. मग फोनवर आकडा लिहून दाखवला. तांब्याच्या वापरावर आता युरोपात मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. मोरचूद जमिनीत साठतं, गांडुळांना सोसत नाही. नवऱ्याने सासऱ्यांच्या काळातलं प्रमाण आठवून सांगितलं, तेव्हा बाईंनी डोक्याला हात लावला. पुढे दोघंही हसत होते.

त्याने कुजलेल्या घडाचा फोटो दिराला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "दादा, तो प्लॉट गेला. शेजारचा वाचवा म्हणावं."

मी चालवत असल्याने चव घेतली नाही. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही तिथली मर्यादा, आणि माझ्यासारखीने कशाला हिशेब करत बसायचं? दोन बाटल्या घेतल्या आणि अंधार पडायच्या आत सार्ला गावाकडे निघालो. नोव्हेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो. हे तारखा ठरवताना लक्षात घेतलं नव्हतं.

जीत सार्लापासून दहा-बारा किलोमीटरवर, मधाच्या रंगाच्या दगडाच्या गावात. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या, शेजारच्याच घरात राहणाऱ्या. किल्ली देण्याआधी त्या आम्हाला विजेच्या मीटरपाशी घेऊन गेल्या, आकडा वहीत लिहिला आणि नवऱ्याची सही घेतली. दिवसाला आठ युनिट भाड्यात, वरचे आपले. थंडीत हीटिंगमुळे भाडं खरं किती पडेल हे असं ठरतं, तेव्हा बुकिंग करताना ती बारीक अक्षरं वाचा. नवरा आयुष्यभर बँकेत बसलेला. त्याने रोज सकाळी चहाच्या आधी मीटर वाचायला सुरुवात केली. मी अंगावर दोन स्वेटर घालून झोपले.

फ्रेंचमधला पहिला शब्द आम्ही पक्का शिकलो तो 'फेर्मे', म्हणजे बंद. उपाहारगृह फेर्मे, वार्षिक सुट्टी, मार्चमध्ये भेटू. होड्या फेर्मे. पोस्ट दुपारी फेर्मे. बेकरी सोमवारी फेर्मे, पण तिच्या भिंतीत पैसे टाकल्यावर पाव देणारं यंत्र होतं. दुपारी बारा ते दोन सगळंच फेर्मे, फक्त जेवणाची ठिकाणं उघडी, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी जेवण मागणं म्हणजे मध्यरात्री कुणाचं दार वाजवण्यासारखं. निम्म्या घरांच्या खिडक्यांवर लाकडी झडपा. ही सुट्टीपुरती उघडणारी घरं. कोकणात मे महिना सोडून जावं तसं.

पण जे उघडं होतं तिथे आमचं नाव दुसऱ्याच दिवशी माहीत झालं. चौकातल्या छोट्या हॉटेलात नवऱ्यासाठी काय मिळणार हा घोर होता. तो शाकाहारी. अंडं चालतं, तेही केकमधलं. हा सगळा मुलूख बदकांचा आणि हंसांचा. हॉटेलवाल्याने विचार करून बटाटे आणले. पातळ चकत्या, कडेने खरपूस, वर लसूण आणि कोथिंबिरीसारखी काहीतरी हिरवी पानं. अगदी आपल्या काचऱ्या! नवऱ्याने दुसऱ्यांदा मागवल्या. दुसऱ्या दिवशीही मागवल्या. आईच्या हाताची आठवण आली म्हणाला. तिसऱ्या दिवशी शनिवारी सार्लाच्या बाजारात एका टपरीवर त्याच काचऱ्या मोठ्या कढईत परतत होत्या, आणि बाजूच्या बरणीतून बाई पांढरं काहीतरी डावाने घालत होती. मी बरणीवरचं लेबल फोनमध्ये धरलं. बदकाची चरबी.

सांगू की नको, यावर मी भाजीच्या दोन ओळी फिरून विचार केला. शेवटी सांगितलं. तो बराच वेळ अक्रोडांच्या पोत्याकडे बघत उभा राहिला. "आईला सांगू नकोस," एवढंच म्हणाला. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली आहेत.

त्या बाजारात अक्रोड नव्या मोसमाचे होते, ओलसर, गोड. सार्लाचं जुनं सांत-मारी चर्च आता झाकलेली मंडई आहे, आणि त्याला वास्तुशिल्पी ज्याँ नुव्हेल यांनी बसवलेले पोलादी दरवाजे पाच मजली इमारतीएवढे उंच आहेत. आत मात्र चीज आणि कोबी. एका पाणचक्कीवर अक्रोडाचं तेल काढतानाही पाहिलं. गर दगडी चाकाखाली भरडायचा, लगदा लोखंडी कढईत गरम करायचा आणि मग दाबयंत्रात पिळायचा. घाण्याच्या वासाला भाषा लागत नाही, आम्ही दोघं तिथून हलेना.

किल्ल्यांवर मी फार लिहीत नाही. बेनाक आणि कास्तेलनो, दोर्दोन्यच्या दोन काठांवर समोरासमोर, त्या शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे आणि एक इंग्रजांकडे. आम्ही तीनदा गेलो आणि तीनदा धुक्यात फक्त नदी दिसली.

गुहेचं मात्र सांगायलाच हवं. लास्कोची मूळ गुहा १९४० मध्ये सापडली आणि माणसांच्या श्वासामुळे चित्रं बिघडू लागली म्हणून १९६३ मध्ये बंद झाली. आता दिसते ती २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती. ती उत्तम असेल, पण आम्हाला अस्सल हवं होतं. ले-झेझीजवळ फाँ-द-गोम नावाची गुहा आहे, तिथली रंगीत चित्रं अजूनही प्रत्यक्ष दाखवतात, दिवसाला मोजक्याच माणसांना. उन्हाळ्यात तिकीट मिळवायला जिवाचं रान करावं लागतं. आम्हाला शुक्रवारचं सहज मिळालं. गटात आम्ही दोघं, एक डच जोडपं आणि वाटाड्या मुलगी.

आत बोळ इतका अरुंद की खांदे तिरके करावे लागतात. कशालाही हात लावायचा नाही. आधी भिंतीवर मला काहीच दिसेना. मग त्या मुलीने विजेरीचा उजेड आडवा धरला आणि हळूहळू सरकवला. दगडाचा फुगवटा गवा झाला. पाठ, खांदा, पोट. उजेड हलला तसा तो श्वास घेतल्यासारखा हलला. सतरा हजार वर्षांपूर्वी चरबीच्या दिव्यात काम करणाऱ्याने दगडाचा आकार आधी हाताने चाचपला असणार. सातवीच्या सहलीत अजिंठ्याला गेलो होतो, तेव्हा एक माणूस बाहेर उन्हात आरसा धरून उजेड आत पाठवत होता आणि दुसरा आत पांढऱ्या कापडाने तो चित्रावर फिरवत होता. पद्मपाणीचा चेहरा तसाच अंधारातून आला होता. मी हे त्या मुलीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने विजेरी विझवली आणि आम्ही पाचजण थोडा वेळ अंधारात उभे राहिलो. जुलैमध्ये तिला हे करता आलं असतं का, मला शंका आहे.

येताना सुपरमार्केटच्या दारात शेवंतीच्या कुंड्या दिसल्या. ढीगभर, पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या, आणि निम्म्या किमतीत. आम्हाला काय, नुकतीच दिवाळी झालेली. मालकीणबाईंसाठी मोठी पिवळी कुंडी घेतली. त्यांच्या दारात जाऊन दोन्ही हातांनी पुढे केली. बाईंचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्या कुंडीकडे, माझ्याकडे, पुन्हा कुंडीकडे बघून इतक्या हसल्या की दाराची चौकट धरावी लागली. शेवंती तिकडे थडग्यावर ठेवतात. १ नोव्हेंबरला, तुसँला, सगळा देश शेवंती घेऊन स्मशानात जातो, म्हणून तर उरलेल्या स्वस्त. म्हणजे मी सत्तरीच्या बाईच्या दारात जाऊन साधारण पिंडदानाचं ताट दिलं होतं. मी फोनमधले आमच्या लक्ष्मीपूजनाचे फोटो दाखवले, शेवंतीच्या माळा, माझ्या अंबाड्यातली वेणी. त्यांनी ते मोठे करून करून बघितले. कुंडी त्यांनी ठेवून घेतली, पण घरात नेली नाही. पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सोमवारी."

रविवारी रोकामादूरला गेलो. कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र, २१६ पायऱ्या, वर काळी मेरी. पूर्वी लोक त्या गुडघ्यांवर चढायचे. आम्ही सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर वाढलेले, आम्हाला काय त्याचं! वर आमच्याशिवाय एक साफसफाई करणारा माणूस आणि एक मांजर. रोलां या वीराची तलवार म्हणून कड्याच्या भेगेत अडकवलेली एक तलवार पिढ्यान्‌पिढ्या दाखवत असत. ती त्याच वर्षी जूनमध्ये कुणीतरी पळवली. जमिनीपासून दहा मीटर उंचावरून! आम्ही नुसती भेग बघितली.

परतताना पेट्रोल संपत आलं. रविवारी पंपावर माणूस नसतो. कार्ड घाला, यंत्र आधी शंभराहून जास्त युरो अडकवतं, मग भरलेलं तेवढं कापतं. आमच्या फॉरेक्स कार्डात तेवढी शिल्लक नव्हती, क्रेडिट कार्ड यंत्राने नाकारलं. अंधार पडत होता. मागे नारिंगी जाकीट घातलेला एक तरुण शिकारी, गाडीत दोन चिखलाने माखलेली कुत्री. दिवसभर जंगलाच्या कडेला 'शिकार चालू आहे' अशा पाट्या बघत आम्ही त्या लोकांना घाबरत होतो. त्याने स्वतःचं कार्ड घातलं, आम्ही रोख तीस युरो दिले. सुट्टे परत द्यायला त्याने अख्खी गाडी उलथीपालथी केली. तेव्हा नियम हा की टाकी अर्धी झाली की शनिवारी भरा आणि दोन वेगळी कार्डं जवळ ठेवा.

सोमवार, ११ नोव्हेंबर. पहिलं महायुद्ध थांबल्याचा दिवस, सुट्टी. मालकीणबाईंनी साडेदहाला दार वाजवलं. काळा कोट, हातात माझी शेवंती. "चला."

फ्रान्समध्ये जवळजवळ प्रत्येक गावात एक युद्धस्मारक आहे. आम्ही पाच दिवस त्याच्या शेजारी गाडी लावत होतो. आज तिथे पन्नास-साठ माणसं जमली होती. गावात एवढे लोक राहतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. अकराला घंटा वाजली. तिरंगी पट्टा घातलेल्या महापौरबाईंनी कागद काढला, आणि शाळेतली दोन मुलं एकेक नाव वाचू लागली. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून म्हणायचे, "मोर पूर ला फ्राँस." फ्रान्ससाठी मरण पावला. एकच आडनाव ओळीने तीनदा आलं. मालकीणबाईंच्या ओठांची हालचाल तेव्हा थांबली. नंतर त्यांनी सांगितलं, ते त्यांच्या आजीचे भाऊ.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. लहानपणी मी तिच्यावर खडूने बेरजा केल्या आहेत. अशा पाट्या आपल्याकडे खूप गावांत आहेत आणि त्यांवर नावं नसतात. आजीचा एक काका त्या आकड्यात होता. "बसऱ्याला गेला," एवढंच ती सांगायची. त्याचं नाव मला माहीत नाही. तिथे उभी राहून मी आठवायचा प्रयत्न केला, पण जे कधी ऐकलंच नाही ते आठवणार कुठून.

बाईंनी कुंडी स्मारकाच्या पायाशी ठेवली. नंतर ग्रामपंचायतीच्या खोलीत सगळ्यांना वाइनचे छोटे पेले आणि अक्रोडाचा केक. मी फोनवर मुलाच्या शाळकरी मित्राने पाठवलेला त्या पाटीचा फोटो शोधला आणि बाईंना दाखवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "नावं कुठे आहेत?" मी मान हलवली. दुपारी त्यांच्याकडे लसणीचं सूप होतं, खास नवऱ्यासाठी बदकाच्या चरबीऐवजी अक्रोडाच्या तेलात. सूप तळाशी आल्यावर बाईंनी त्याच वाडग्यात लाल वाइन ओतली, फिरवली आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. याला 'शाब्रो' म्हणतात. म्हातारे शेतकरी करतात, पाहुण्यांसमोर सहसा नाही. आम्हीही केलं. ताकाची वाटी भुरकून प्यायल्याचं तेच सुख.

निघायच्या सकाळी मीटर वाचलं. जादा एकतीस युरो झाले. नवऱ्याच्या वहीतला आकडा आणि बाईंचा आकडा तंतोतंत जुळला, तेव्हा दोघांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं. बोर्डोत गाडी परत करताना माझा इंडिकेटर पहिल्यांदा बरोबर लागला.

दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणल्या. निफाडला दीर बागेतूनच आला, हातापायाला फवारणीचे डाग. नवऱ्याने पेल्यात ओतलं. त्याने आधी उजेडात धरून रंग बघितला, वास घेतला, घोट घेतला, थोडा वेळ तोंडात ठेवला.

"हे त्या सडक्या घडांचं?"

"हो."

"साखर किती लागली होती मोजताना?"

नवऱ्याला आकडा माहीत नव्हता. दिराने दुसरा घोट घेतला, वहिनी म्हणून माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि पेला ठेवून उठला. "गावात कुणाला सांगू नका हे," म्हणाला, आणि ढग बघत फवारणीचा ब्लोअर चालू करायला गेला.